न उतरलेली भूल

(ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या मासिक व्याख्यानमालेतल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



विषय कळवला तेव्हा आयोजक जरा चमकले. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी दाताच्या इंजेक्शनवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर आहे ती फक्त नावाच्या पाटीवर. त्यामुळे आज औषधांची नावं मी घेईन, पण ती 'घ्या' असं सांगण्यासाठी नाही. तुमच्या कागदावर ती दिसली तर ती कशासाठी आहेत हे कळावं, एवढ्यासाठी.

मात्र या विषयाशी माझा चार वर्षांचा घरोबा आहे. खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल करायचं होतं. भूल दिली, काम नीट झालं, दाढ आजही शाबूत आहे. पण जिभेच्या उजव्या बाजूची भूल पुरती उतरली नाही. तिथे आजही बधिरपणा आहे आणि त्या बधिरपणाच्या आत दिवसभर चुणचुण चालते. ज्यांच्याकडे उपचार घेतले त्यांचं नाव मी सांगणार नाही, कारण ते आजचा विषय नाहीत. विषय आहे तो असा : शरीराचा एक लहानसा तुकडा कायमचा बिनसला, तर माणसानं काय समजून घ्यावं, काय करावं आणि कसं राहावं?

भूल देतात कुठे?

आपल्या भाषेत 'भूल' हा शब्द गमतीचा आहे. भूल म्हणजे मोह, भूल म्हणजे चूक, आणि भूल म्हणजे बधिर करणारं औषधही. वैद्यकातली ही भूल तशी तरुण आहे. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचा उपयोग दाखवला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी जबड्याच्या नसेजवळ कोकेन टोचून खालचे दात बधिर करून दाखवले. प्रयोग स्वतःवर करता करता बिचारे हॉल्स्टेड कोकेनच्या आहारी गेले. पुढे १९४३ मध्ये स्वीडनमधल्या नील्स लफग्रेन यांनी लिडोकेन तयार केलं. आपल्याकडे त्यालाच लिग्नोकेन म्हणतात. आज गावोगावच्या दातांच्या दवाखान्यात जी भूल मिळते ती बहुधा हीच. तिच्याआधी दाढ काढणं म्हणजे काय होतं, हे आपल्या आजी-आजोबांना विचारायला हवं होतं. तेव्हा पहिली गोष्ट कृतज्ञतेची. हे इंजेक्शन माणसाच्या मोठ्या उपकारकर्त्यांपैकी एक आहे.

वरच्या दातांची हाडं सच्छिद्र असतात, त्यामुळे दाताजवळच्या हिरडीत टोचलं की औषध आत झिरपतं. खालच्या जबड्याचं हाड मागच्या बाजूला घट्ट असतं. तिथे झिरपणं पुरत नाही. म्हणून तोंड मोठं उघडायला लावून, अगदी मागे, गालाच्या आतून सुई घालतात आणि जबड्याच्या हाडात शिरणाऱ्या मुख्य नसेच्या जवळ औषध सोडतात. या नसेचं नाव इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह. त्या बाजूचे खालचे दात, खालचा ओठ आणि हनुवटी तिच्या ताब्यात. तिच्या शेजारून, थोडी पुढून, जिभेची नस जाते, ती लिंग्वल नर्व्ह. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाचा स्पर्श तिच्याकडे. चव आणणारे तंतू दुसऱ्या नसेतून येऊन तिला मिळतात आणि तिच्यासोबतच जिभेपर्यंत जातात.

दंतवैद्याला या दोन्ही नसा दिसत नाहीत. हाडाच्या खुणा बोटानं चाचपून, अंदाजानं सुई घालावी लागते. तोंड उघडं असताना जिभेची नस ताणलेली असते, सुईच्या वाटेतून तिला सहज बाजूला सरकता येत नाही. म्हणून या इंजेक्शननंतर जी इजा होते, ती ओठाच्या नसेपेक्षा जिभेच्या नसेला जास्त वेळा होते. उत्तम हाताच्या, काळजीपूर्वक काम करणाऱ्या दंतवैद्याकडूनही हे होऊ शकतं.

किती वेळा होतं? अभ्यासांचे आकडे एकमेकांपासून फार लांब आहेत. २००० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासानं कायमच्या इजेचा अंदाज सुमारे २६ हजार इंजेक्शनांत एक ते १ लाख ६० हजारांत एक असा दिला. दुसऱ्या अभ्यासांत तो याहून कितीतरी कमी आहे. कुठलाही आकडा घ्या, गोष्ट दुर्मीळ आहे. पण 'दुर्मीळ' हा शब्द दंतवैद्याच्या उपयोगाचा. ज्याला झालं त्याच्यासाठी प्रमाण शंभर टक्के असतं. आकडेवारी समूहाबद्दल बोलते, भोगणारा एकटा असतो. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवता आलं पाहिजे.

नस दुखावते म्हणजे काय होतं?

सुई थेट लागू शकते. हाडाला टेकून तिचं टोक वाकलं असेल तर बाहेर येताना ओरखडा काढू शकते. नसेच्या आवरणात बारीक रक्तवाहिनी फुटून रक्त साकळू शकतं आणि त्याचा दाब नसेवर येतो. किंवा औषधच नसेला जाचक ठरू शकतं. चार टक्के तीव्रतेची औषधं या ब्लॉकसाठी वापरली असता अशा तक्रारी प्रमाणाबाहेर नोंदल्या गेल्या, असं काही देशांच्या पाहण्यांत दिसलं. त्यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. कित्येकांना सुई जाताना जिभेत विजेचा झटका बसल्यासारखं होतं. तसा झटका बसलेल्या बहुतेकांना पुढे काहीच होत नाही, आणि झटका न बसताही इजा झालेली माणसं आहेत. म्हणून 'तो झटका बसला तेव्हाच मी हात धरायला हवा होता' असं घोकत बसण्यात अर्थ नाही.

हर्बर्ट सेडन या ब्रिटिश शल्यविशारदानं १९४३ मध्ये नसांच्या इजेचे तीन प्रकार सांगितले. युद्धाचे दिवस होते, जखमी नसांचे रुग्ण पुष्कळ होते. आपण उसाच्या शेतातला पाट डोळ्यांपुढे आणू. पहिल्या प्रकारात पाटात गाळ अडकला आहे. पाट शाबूत आहे, गाळ निघाला की पाणी वाहू लागतं. नसेचं असं झालं तर दिवसांत किंवा आठवड्यांत संवेदना परत येते. दुसऱ्या प्रकारात आतला प्रवाह तुटला, पण पाटाचे काठ उभे आहेत. नवे तंतू त्या काठांच्या आधारानं पुढे सरकतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. याला महिने लागतात. तिसऱ्या प्रकारात काठच फुटले. पाणी भलत्या वाफ्यात जातं, कुठे डबकं साठतं. नसेचे तंतू असे वाट चुकले की स्पर्श एकीकडे आणि जाणीव दुसरीकडे, किंवा स्पर्शच नाही आणि तरी कळ, असले प्रकार सुरू होतात.

या शेवटच्या गोष्टीनं माणूस चक्रावतो. बधिर आहे तर दुखतं कसं? देकार्तनं सतराव्या शतकात वेदनेचं एक चित्र काढलं : पायाला चटका बसला की आतली दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. चित्र सुटसुटीत आहे आणि आपण सगळे मनातून तेच धरून असतो. पण दोरी मधेच झिजली तर वाऱ्यानंही घंटा वाजेल. शिवाय बरेच दिवस घंटा वाजत राहिली, तर घंटाही हुळहुळी होते. मेंदू आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा अधिक संवेदनशील बनतात. देकार्तलाही याची कुणकुण होती. पाय कापलेल्या माणसांना नसलेल्या पायात वेदना होते, याची दखल त्यानं १६४१ च्या 'मेडिटेशन्स'मध्ये घेतली आहे. तेव्हा बधिर जिभेची आग होते असं कुणी म्हणालं, तर त्यात तर्कदोष काढू नका. तसं होतं.

आणखी एक. एवढ्याशा तुकड्याचा एवढा बाऊ का वाटतो? मेंदूतल्या स्पर्शाच्या पट्ट्यावर शरीराचा नकाशा असतो, हे वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ मध्ये दाखवलं. त्या नकाशात सबंध पाठीला मिळते जेमतेम जागा, आणि ओठ-जीभ-बोटांना प्रचंड. तुमच्या ओठाचा दोन बोटांएवढा भाग गेला, तरी मेंदूच्या लेखी एक तालुका गेला. ओठ सुजून मोठा झाल्यासारखा वाटतो, आरशात मात्र जसाच्या तसा दिसतो, तेही यामुळेच. तुम्ही बाऊ करत नाही आहात.

पहिले तीन महिने

आता व्यवहाराचं बोलू. दाताची भूल ओठ-जिभेवर साधारण तीन ते पाच तास राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी बधिरपणा तसाच असेल तर दंतवैद्याला लगेच फोन करावा. संकोच नको. त्यांनी तपासून, कुठला भाग किती बधिर आहे हे तारखेसह लिहून ठेवायला हवं. त्याची एक प्रत आपल्याकडे असावी. सुरुवातीला काही जण सूज कमी करणारी औषधं देतात. आपल्याकडे बी-१२ च्या गोळ्या जवळपास सगळेच देतात. त्यांनी दुखावलेली नस बरी होते याचा पुरावा तोकडा आहे. पण आपल्या वयाच्या, शाकाहारी किंवा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसांत बी-१२ मुळातच कमी असू शकतं, आणि त्यानं नसा दुबळ्या होतात. म्हणून रक्त तपासून घेणं शहाणपणाचं.

बहुतेकांची संवेदना पहिल्या दोन-तीन महिन्यांत आपोआप परत येते. परतताना ती मुंग्या, चुणचुण, खाज अशा वेशात येते, तेव्हा घाबरू नये. तीन महिन्यांनंतर सुधारणेचा वेग मंदावतो. पुढेही सुधारणा होऊ शकते, पण शक्यता कमी होत जाते. ओठाच्या कडेवर, जिभेवर कापसाची काडी फिरवून 'इथे कळतं, इथे कळत नाही' असा नकाशा दर पंधरा दिवसांनी काढावा. मी वहीत काढत असे. त्याचा फायदा असा की 'काहीच फरक नाही' या मनाच्या घोषणेला कागदावर उत्तर मिळतं. रोज मात्र काढू नये. रोज बी उकरून पाहणाऱ्या पोराच्या कुंडीत काही उगवत नाही.

एक सावधगिरी. खालचा ओठ बधिर आहे पण तोंड वाकडं झालेलं नाही, ही स्पर्शाच्या नसेची गोष्ट. तोंड एका बाजूला ओघळलं, हात लुळा पडला, शब्द अडखळू लागले, तर दाताचा विचारही न करता थेट रुग्णालय गाठायचं. तो पक्षाघात असू शकतो, तिथे मिनिटं मोलाची. आणि दाताचं कुठलंही काम झालेलं नसताना हनुवटी किंवा ओठ बधिर झाला, तर ते अंगावर काढू नये. त्याची कारणं वेगळी आणि गंभीर असू शकतात.

डॉक्टरांना सांगायचं कसं?

महिने उलटले, त्रास राहिला, की तोंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जावं लागतं. तिथे पाच-दहा मिनिटं मिळतात. त्यात 'कसंतरीच होतं' असं म्हणून चालत नाही.

इथे आपली मराठी कामाला येते. इंग्रजीत जिथे दोन-चार शब्द फिरवावे लागतात, तिथे आपल्याकडे शब्दांची उतरंड आहे. बधिर म्हणजे काहीच कळत नाही. मुंग्या, झिणझिण्या म्हणजे कळतं पण भलतंच. चुणचुण म्हणजे बारीक, सतत. आग, जळजळ, भाजल्यासारखं. सणक म्हणजे विजेसारखी, क्षणभराची. ठणका म्हणजे ठोक्याठोक्यानं. हुळहुळं म्हणजे साध्या वाऱ्यानं, टॉवेलच्या कडेनं दुखतं. हे सूक्ष्म फरक वैद्यकाच्या कामाचे आहेत. ठणका असेल तर दाताला किंवा हिरडीला पू धरला आहे का, हे पाहावं लागतं. सणक, आग, हुळहुळेपणा असेल तर दुखणं नसेचं असण्याचा संभव जास्त. नसेच्या दुखण्याला साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. म्हणून नेमका शब्द, कोणत्या वेळी, कशानं वाढतो, कशानं थांबतो, झोप मोडते का, एवढं चिठ्ठीवर लिहून न्यावं.

नसेच्या वेदनेसाठी डॉक्टर जी औषधं देतात, त्यांतली काही मूळची नैराश्यावरची आहेत, जसं अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन. काही मूळची अपस्मारावरची आहेत, जसं गॅबापेन्टिन, प्रिगॅबालिन. कागदावरची माहिती वाचून घरातलं कुणीतरी म्हणतं, 'अगं, हे तर वेडाचं औषध दिलंय!' तसं नाही. हीच औषधं, बऱ्याचदा कमी मात्रेत, चाळवलेल्या नसेला शांत करायला वापरतात. पण आपल्या वयात त्यांनी झोप येते, तोल जातो, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, लघवी अडू शकते. रात्री उठताना दिवा लावा, भिंत धरा. मात्रा हळूहळू वाढवायची असते आणि बंदही डॉक्टरांना विचारून हळूहळू करायची असते. या औषधांनी वेदना कमी होते, स्पर्श परत येत नाही. हे आधीच माहीत असलं की निराशा टळते. शस्त्रक्रियेचा उपयोग नस कापली गेली असेल तर होतो. इंजेक्शनच्या इजेत बहुधा नेमकं कापलेलं ठिकाणच सापडत नाही, म्हणून तिचा सल्ला क्वचित देतात.

रोजचं जगणं

चहा. आपला सगळ्यांचा जिवलग आणि बधिर जिभेचा शत्रू. भाजल्याचं कळतच नाही. कप आधी शाबूत बाजूच्या ओठाला लावायचा, किंवा बशीत ओतायचा. बशीतला चहा अडाणीपणाचा समजून पोरंसोरं हसतात, हसू देत. जेवताना घास दुसऱ्या बाजूनं चावावा आणि बोलत बोलत जेवू नये, कारण जीभ-ओठ दाताखाली सापडला तरी समजत नाही. जेवण झाल्यावर आरशात पाहून चूळ भरावी. भाताचं शीत ओठाच्या कोपऱ्याला चिकटून राहतं आणि समोरचा संकोचानं सांगत नाही. घरच्या एकाला खूण ठरवून द्यावी. पुदिन्याच्या झणझणीत टूथपेस्टनं आग होत असेल तर सौम्य वापरावी. थंड वाऱ्यानं सणक येत असेल तर सकाळी फिरायला जाताना मफलर. महिन्यातून एकदा दिव्याखाली जीभ नीट पाहावी. आठवड्यांनी न भरणारा फोड दिसला तर दाखवावा, कारण दुखून सांगणारा पहारेकरी आता रजेवर आहे.

चवीचं म्हणाल तर एका बाजूची गेली तरी जेवण बेचव होत नाही. जिभेचा मागचा भाग वेगळ्या नसेवर चालतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. फोडणीचा वास शाबूत आहे तोवर आमटी शाबूत आहे.

बोलण्याचं मात्र मला जड गेलं. जीभ हलवणारी नस वेगळी असते, ती ठीक होती. पण जीभ टाळूला कुठे लागली हेच कळेना. मराठीत टवर्ग आणि 'ळ' म्हणजे जीभ मागे वळवून नेमक्या जागी टेकवायची. 'कळकळ' म्हणताना मला कसरत वाटायची. आमचा दर शनिवारचा उपनिषदांचा वर्ग आहे. तिथे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की माझा 'ळ' सध्या घसरतो, समजून घ्या. मग घरी रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचायचं, सावकाश. काही महिन्यांत कान जिभेचा मास्तर झाला. स्पर्शानं जे कळत नव्हतं ते ऐकून कळू लागलं. आज तुम्हाला माझ्या बोलण्यात वावगं वाटत नसेल, तर ते श्रेय नसेचं नसून सरावाचं आहे.

न दिसणारं दुखणं

आता माझ्या विषयाकडे येते.

या दुखण्याची सगळ्यात मोठी अडचण अशी की ते दिसत नाही. प्लास्टर नाही, टाका नाही, सूज नाही. एक्स-रे स्वच्छ. सून विचारते, 'आई, अजून होतं का?' पहिल्या महिन्यात त्या प्रश्नात काळजी असते. दहाव्या महिन्यात 'अजून' या शब्दावर जोर आलेला असतो. मग माणूस सांगणं बंद करतो आणि आतून एकटा पडतो.

विटगेन्स्टाइन नावाचा मोठा तत्त्वज्ञ होऊन गेला. योगायोग पाहा, त्याचं आवडतं उदाहरण दातदुखीचं. केम्ब्रिजमध्ये १९३० च्या दशकात तो विद्यार्थ्यांना हेच विचारत असे : दुसऱ्याचा दात दुखतो हे मला कळतं म्हणजे काय? त्याच्या विचारातलं एक सूत्र मी माझ्या शब्दांत सांगते. मूल पडतं, रडतं. मोठी माणसं धावतात आणि त्या रडण्याच्या जागी त्याला शब्द देतात, 'दुखतंय'. म्हणजे हा शब्द मुळात रडण्याचा वारस आहे. तो थर्मामीटरच्या आकड्यासारखी माहिती नाही. म्हणून 'दुखतंय' ऐकल्यावर 'खरं कशावरून?' हा प्रश्न गैरलागू आहे. रडणाऱ्या मुलाकडे आपण पुरावा मागत नाही. घरच्यांना माझं एवढंच सांगणं आहे : तुम्ही न्यायाधीश नाही. विश्वास ठेवायला काही खर्च येत नाही. आणि दुखणाऱ्याला सांगणं : घरच्यांना त्यांनी काय करावं ते सांगा. 'काही करू नका, फक्त ऐका' हेही सांगता येतं.

दुसरी गोष्ट बुद्धाच्या दोन बाणांची. संयुत्त निकायात सल्लसुत्त म्हणून एक सुत्त आहे. बाण लागला की वेदना होते, ती शहाण्यालाही होते आणि अडाण्यालाही. पण अडाणी माणूस त्या वेदनेवर शोक, राग, तळमळ यांचा दुसरा बाण स्वतःच घेतो. आमच्या दुखण्यात दुसऱ्या बाणाची पिसं ओळखीची आहेत : मलाच का? त्या दिवशी गेलेच नसते तर? त्यांनी नीट टोचलं असतं तर?

पण इथे सावध राहायला हवं. या दृष्टांताचा लोक फार वाईट उपयोग करतात. 'सगळं मनाचे खेळ आहेत' असं म्हणून पहिला बाणच नाकारतात. बुद्धानं पहिला बाण नाकारलेला नाही. पहिल्या बाणासाठी वैद्य, औषध, मफलर. दुसऱ्यासाठी विचार. ज्याचं काम त्यानं करावं. विचारानं नस जुळत नाही आणि गोळीनं 'मलाच का' याचं उत्तर मिळत नाही.

कान्टनं उतारवयात, १७९८ मध्ये छापलेल्या एका निबंधात आपला उपाय सांगितला आहे. दुखण्यानं झोप येईना तेव्हा तो आपलं चित्त हट्टानं एखाद्या तटस्थ विषयावर नेऊन बांधत असे. त्यानं सिसेरोचं उदाहरण दिलं आहे. आपल्याला सिसेरो नको. कुणाला पाढे चालतील, कुणाला माहेरच्या वाड्याच्या खोल्या क्रमानं आठवणं चालेल. अवधान ही एक खोली आहे. तिच्यातून वेदनेला हाकलता येत नाही, पण दुसरा पाहुणा बोलावता येतो. मग वेदना कोपऱ्यात बसते.

तिसरी गोष्ट आशेची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माझ्या ओळखीच्या एक बाई भजनी मंडळात गायच्या. त्यांना हेच झालं. 'बरं झालं की पुन्हा गाईन' म्हणून त्या थांबल्या. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. बरं झालं नाही आणि गाणंही गेलं. गाण्याला जिभेची इजा पुरेशी कारण नव्हती. त्यांचं गाणं वाट पाहण्यात गेलं. आशा चांगली, पण जगणं तिच्याकडे तारण ठेवू नये. आपण 'बरं होणं' आणि 'बरं असणं' असे दोन प्रयोग करतो. बरं होणं आपल्या हातात नेहमी नसतं. बरं असणं थोडंफार असतं, आणि ते बरं होण्याच्या आधी सुरू करता येतं. शनिवारचा वर्ग चालू ठेवला तेव्हा मी बरी झाले नव्हते. अजूनही नाही. पण शनिवारी दुपारी साडेचार ते सहा मी बरी असते.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*बाई, तुम्हाला त्या दंतवैद्यांचा राग येत नाही?*

यायचा. इजेचा कमी, ऐकून न घेण्याचा जास्त. 'असं होतच नाही' असं मला सांगितलं गेलं. इजा अपघातानं होऊ शकते, ऐकून न घेणं मात्र माणूस निवडतो. या सभेत कुणी दंतवैद्य असतील तर त्यांना विनंती : असा रुग्ण आला तर दोन वाक्यं बोला. 'असं क्वचित होतं. मी तुमच्यासोबत लक्ष ठेवीन.' अर्धा राग तिथेच विरतो.

*तक्रार करावी का?*

नुसती इजा झाली म्हणजे हलगर्जी झाली असं कायदा मानत नाही. काळजी घेण्यात कसूर झाली हे दाखवावं लागतं. तसं वाटत असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं, साधारण दोन वर्षांच्या आत. वकिलाला कागद दाखवून विचारा. पण त्याआधी स्वतःला विचारा, मला काय हवंय? भरपाई, कबुली, की पुढच्या रुग्णाची काळजी? प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

*आता पुन्हा दाताचं काम निघालं तर इंजेक्शन घ्यायचं की नाही?*

दात टाळू नका. कीड वाट पाहत नाही. नव्या दंतवैद्याला आधीच सांगा की त्या बाजूला नस दुखावलेली आहे. कित्येक कामांत मोठा ब्लॉक टाळून दाताच्या लगत थोडं औषध देऊन भागतं. ते शक्य आहे का, ब्लॉकच द्यायचा तर कुठलं औषध, किती तीव्रतेचं, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. मागच्या वर्षी माझी डावी दाढ भरली. इंजेक्शन घेतलं. हात खुर्चीला घट्ट धरलेले होते. पण भूल चार तासांत उतरली, आणि संध्याकाळी मी चहा प्यायले. बशीतून.